जुन्या घराला नवी जोड
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेने पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेतला. अशा वेळी बांधकामाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला व्याख्यानासाठी बोलावले, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मी एक साधा, घरगुती विषय घेतला. आपल्या वाडवडिलांनी बांधलेल्या जुन्या घराचे काय करायचे? त्यात बदल कसे करायचे, वाढीव खोल्या कशा काढायच्या, आणि तरीही ते घर आपलेच घर कसे राहील?

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न उभा आहे. पुढे दुकान, मागे राहते घर, वर माडी. घरात वृद्ध आई-वडील. मुले पुण्याला, नाशिकला किंवा परदेशी. दिवाळीला, पर्युषणाला ती येतात तेव्हा एक न्हाणीघर पुरत नाही, जिना चढताना आईचे गुडघे दुखतात, पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला ओल येते. मग दोन मते पुढे येतात. एक म्हणते, पाडून टाका आणि नवी इमारत उभारा. दुसरे म्हणते, आजोबांची वास्तू आहे, हात लावू नका. माझ्या मते ही दोन्ही मते घराला न्याय देत नाहीत. पहिल्यात घर एका दिवसात जाते, दुसऱ्यात ते वीस वर्षांत आपोआप जाते. या दोहोंमधून जाणारा एक तिसरा मार्ग आहे आणि त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

त्या मार्गाचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : नव्याचा भार जुन्यावर टाकू नये. हे वाक्य मी प्रथम शब्दशः, म्हणजे किलो आणि टनाच्या हिशोबात सांगणार आहे. त्याचा दुसरा अर्थ आपल्याला पुढे आपोआप उमगेल.

आपल्या गावची घरे

मनमाड हे रेल्वेने वाढविलेले गाव. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला, १८७८ मध्ये धोंडकडे, म्हणजे आजच्या दौंडकडे जाणारा फाटा सुरू झाला आणि पुढे हैदराबाद संस्थानाकडे जाणारी मीटरगेज येथे येऊन मिळाली. जंक्शन झाले तशी बाजारपेठ वाढली. मारवाड, गुजरात, कच्छ अशा ठिकाणांहून व्यापारी कुटुंबे येऊन स्थिरावली. त्यांनी घरे बांधताना या मातीची पद्धत स्वीकारली आणि तिच्यात आपल्या चालीरीतींची भर घातली. म्हणजे जुन्या पद्धतीला नवी जोड देण्याचे काम आपल्या पूर्वजांनी एकदा करून दाखविलेले आहे.

या भागातील जुन्या घराची मांडणी आपल्या परिचयाची आहे. दारात ओटा, मग पडवी किंवा दुकानाची बैठक, मध्ये चौक, पलीकडे सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परस. खाली काळ्या दगडाचे जोते, वर दगड-विटांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, त्यांवर कड्या आणि फळ्या, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे धाबे किंवा कौले. नंतरच्या काळातील घरांत लोखंडी गर्डर दिसतात. रेल्वेच्या गावांत तर जुन्या रुळांचे तुकडेही तुळईच्या जागी बसविलेले आढळतात.

हीच पद्धत मोठ्या प्रमाणात पाहायची असेल तर फार दूर जायला नको. शेजारच्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल उभा आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेल्या या वाड्यातील लाकडी खांब, चौक आणि भित्तिचित्रे आपण पर्यटक म्हणून पाहतो. पुढच्या वेळी गेलात तर एकदा घरमालकाच्या नजरेने पाहा. छताचे ओझे कोणत्या खांबावर उतरते, खांब कशावर टेकला आहे, उजेड कोठून येतो, पावसाचे पाणी कोठे जाते, हे चार प्रश्न मनाशी ठेवून वाडा फिरा. मग घरी येऊन तेच चार प्रश्न स्वतःच्या घराला विचारा.

घराचा स्वभाव कशात असतो?

‘घराचे जुनेपण जपायचे’ असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नक्षीदार दरवाजा आणि पितळी कड्या येतात. त्या जपायलाच हव्यात. परंतु घराचा स्वभाव नक्षीत फारसा नसतो, तो मांडणीत असतो. चौकातून मधल्या खोल्यांना मिळणारा उजेड, उन्हाळ्याच्या दुपारी जाड भिंतींमुळे टिकणारा गारवा, ओट्यावर बसून शेजाऱ्याशी होणारे बोलणे, भिंतीतले कोनाडे, देवघराकडे जाणारी वाट, हे सारे मिळून ते घर होते. नक्षीचा दरवाजा ठेवला आणि चौकावर स्लॅब टाकला, तर वस्तू राहिली आणि घर गेले असे होईल.

आता या घराची रचना समजून घेऊ. जुने घर आपण ‘खणां’त मोजतो. दोन खांबांमधले अंतर आणि त्यावरचे छत मिळून एक खण होतो. हा केवळ मोजण्याचा शब्द नाही. छताचे ओझे कड्यांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून तळखड्याच्या दगडावर उतरते. अशा खांबांच्या घरात भिंत मुख्यतः आडोशाचे काम करते, भार प्रामुख्याने लाकूड वाहते. सर्वच घरे अशी नसतात. काही घरांत कड्या सरळ भिंतीत शिरलेल्या असतात आणि तेथे भिंतच भार घेते. आपले घर यांपैकी कोणते, हे कळल्याशिवाय एकही खांब काढू नये आणि एकही भिंत फोडू नये. ‘हॉलच्या मधोमध खांब अडचणीचा वाटतो’ म्हणून तो कापल्याने वरची माडी झुकल्याची उदाहरणे आमच्या व्यवसायात नवीन नाहीत.

किल्लारीने शिकविलेला धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात झालेला भूकंप आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गेली. त्यानंतर एक समज पसरला की दगड-मातीचे जुने घर म्हणजे मृत्यूचा सापळा. अभियंत्यांनी पडलेल्या घरांचा अभ्यास केला तेव्हा अधिक नेमकी कारणे पुढे आली. भिंती जाड होत्या, पण आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे थर होते. मध्ये खडी-मातीची भर होती आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नव्हते. दगड ओबडधोबड होते आणि सांध्यांत केवळ माती होती. वर वर्षानुवर्षे चढत गेलेले मातीचे जड धाबे होते. धक्का बसताच भिंतीचे थर फुटून अलग झाले आणि धाबे खाली आले. याउलट, जेथे छत लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होते तेथे काही ठिकाणी भिंती ढासळल्या, पण सांगाडा आणि छत उभे राहिले.

पुढे ५२ गावांचे पुनर्वसन झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु इतर गावांतील असंख्य घरे जागच्या जागी दुरुस्त आणि बळकट करण्याचाही मोठा कार्यक्रम शासनाने राबविला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यातील उपाय साधे होते. भिंतीत ठरावीक अंतरावर छिद्र पाडून दोन्ही थर जोडणारा आरपार सांधा बसविणे, छताखाली चारी भिंतींना बांधणारा पट्टा देणे, धाब्यावरची जास्तीची माती उतरविणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार देणे. जुन्या बांधकामाची दुरुस्ती आणि बळकटीकरण यासाठी भारतीय मानक १३९३५ उपलब्ध आहे. आपल्या अभियंत्याला ते माहीत आहे का, असे अवश्य विचारा. थोडक्यात, जुने घर सुरक्षित करता येते. त्यासाठी त्याचा कमकुवतपणा नेमका कोठे आहे ते शोधावे लागते.

ओझ्याचा हिशोब

आता व्यापारी समाजाला आवडेल असा हिशोब मांडतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीचे मातीचे धाबे असेल, तर त्याचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. पावसाने ते भिजले की आणखी वाढते. दर एक-दोन वर्षांनी गळती थांबविण्यासाठी आपण वर नवी माती घालत गेलो आणि जुनी कधी काढली नाही, तर एका फुटाचे दीड-दोन फूट होतात. तेवढ्याच खोलीवर पाच इंच जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन सुमारे तीन टन होते.

‘म्हणजे स्लॅब हलका! मग टाकायला हरकत काय?’ असे कोणी विचारील. हरकत वजनाची नाही, स्वभावाची आहे. लाकडी छत थोडे वाकते, हलते, सामावून घेते. काँक्रीट ताठ असते. मातीच्या सांध्याच्या भिंतीवर स्लॅब टेकवला की भिंत जेथे उंच तेथे तो बोजा देतो, जेथे खचली तेथे अधांतरी राहतो. उन्हाने तो प्रसरण पावतो आणि भिंतीचा माथा ढकलतो. काही वर्षांत कोपऱ्यांत तिरप्या भेगा दिसू लागतात. म्हणून वरचा मजला वाढवायचाच असेल, तर त्याचे खांब जमिनीपासून स्वतंत्र पायावर उभे करावेत. जुन्या भिंतीच्या माथ्यावर नवा मजला चढवू नये.

आपल्या गावापुरता आणखी एक प्रश्न आहे, तो पाण्याच्या टाकीचा. पालखेडच्या आवर्तनाकडे आणि वागदर्डी धरणाकडे डोळे लावून मनमाडने कित्येक उन्हाळे काढले. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी येण्याचे दिवस आपण सर्वांनी अनुभवले आहेत. त्यामुळे प्रत्येक घराने छतावर मिळेल तेवढ्या टाक्या चढविल्या. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. राहत्या खोलीत माणसे आणि सामान यांचे ओझे अभियंते चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. भरलेल्या टाकीत पाण्याची उंची एक मीटर असेल, तर तेवढ्याच जागेवर १,००० किलो भार पडतो, म्हणजे पाचपट. शिवाय गळणारा नळ आणि भरून वाहणारी टाकी खालच्या लाकडाला सतत भिजवीत राहते. म्हणून साठवण जमिनीत करावी, परसात किंवा ओट्याखाली हौद बांधावा आणि वर फक्त दिवसाच्या गरजेपुरती लहान टाकी ठेवावी, तीही जमिनीवरून उभारलेल्या स्वतंत्र लोखंडी घोड्यावर. पाणी गाळून आणि मोजून वापरण्याची आपली रीत आहेच. ती पाळली तर टाकी लहान पुरते.

भिंतीला श्वास घेऊ द्या

दुसरी महत्त्वाची गोष्ट ओलीची. जुन्या भिंतीखाली ओल अडविणारा थर नसतो. जमिनीतील दमटपणा भिंतीत चढतो आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून हवेत निघून जातो. यालाच मी भिंतीचा श्वास म्हणतो. आपण काय करतो? खालचे तीन फूट पोपडे निघतात म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा करतो, वर चकचकीत तेलरंग किंवा टाइल लावतो. ओल निघायला वाट राहत नाही. ती आणखी वर चढते आणि पुढच्या वर्षी पोपडे पाच फुटांवर निघतात. भिंतीला लोणा लागतो, विटा भुसभुशीत होतात आणि भिंतीत शिरलेली कड्यांची टोके आतल्या आत कुजतात. लोखंडी गर्डर किंवा रूळ असेल तर तो गंजून फुगतो आणि सभोवतालचे बांधकाम फोडतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी पाणी बाहेर काढा : पन्हळी दुरुस्त करा, चौकाची मोरी मोकळी करा, भिंतीलगत साचणारे पाणी दूर न्या. मग भिंत एक उन्हाळा वाळू द्या. त्यानंतर चुन्याचा गिलावा करा. कळीचा चुना नीट भिजवून मुरविलेला असावा, त्यात विटांची सुरखी आणि स्वच्छ वाळू असावी. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा रस, हिरड्याचे पाणी घालीत. हे काम सिमेंटपेक्षा सावकाश होते आणि करणारे गवंडी शोधावे लागतात, हे खरे आहे. परंतु ज्या दिवशी आपण त्यांना काम देणे थांबवू, त्या दिवशी ही विद्याही थांबेल.

येथे आपल्या श्रद्धेचा एक मुद्दा येतो. वाळवी लागली की औषध फवारण्याचा सल्ला मिळतो आणि जैन कुटुंबात त्यावर मन अडखळते. या प्रश्नाचे चांगले उत्तर वाळवी लागण्यापूर्वीच द्यायचे असते. खांब मातीत न गाडता तळखड्यावर उभा करणे, लाकूड कोरडे व हवेशीर ठेवणे, तळघरात आणि माळ्यावर रद्दी व लाकडाचा ढीग न साठविणे, ओल वेळीच थांबविणे ही घराची जयणाच आहे. कोरड्या घरात हिंसेचा प्रसंग मुळातच कमी येतो.

नवी जोड कोठे आणि कशी?

आता वाढीव बांधकामाकडे वळू. जुन्या घराला आज तीन गोष्टी हव्या असतात : न्हाणीघर-शौचालय, उजेडाचे स्वयंपाकघर आणि वृद्धांसाठी तळमजल्यावर झोपण्याची खोली. यांपैकी पाण्याच्या जागा शक्य तितक्या जुन्या भिंतींच्या बाहेर, परसात नव्या बांधकामात घ्याव्यात. माजघराच्या कोपऱ्यात मातीच्या भिंतीला लागून शॉवर बसविणे म्हणजे घराच्या पायात पाणी सोडणे होय. नळही भिंतीत गाडू नयेत, उघडे असावेत. गळती झाली तर ती त्याच दिवशी दिसते.

नव्या खोलीचा पाया स्वतंत्र असावा. जुन्या भिंतीलगत खोदताना सलग चर काढू नये. चार-पाच फुटांचे तुकडे करून, एक भरून झाल्यावर दुसरा खोदावा आणि जुन्या पायाच्या तळाखाली जाऊ नये. जुने आणि नवे बांधकाम एकमेकांत घुसवू नये. दोहोंमध्ये इंचभर फट ठेवून वरून पत्र्याची किंवा शिशाची पट्टी झाकावी, म्हणजे पाणी आत जाणार नाही आणि दोन्ही बांधकामे आपापल्या गतीने बसतील. नवे बांधकाम पहिली काही वर्षे थोडे खचतेच. ते जुन्याला बांधलेले असेल तर त्यालाही ओढते.

स्वयंपाकघराविषयी विशेष सांगतो. सूर्यास्तापूर्वी जेवण करणाऱ्या घरात स्वयंपाकाला दिवसाचा उजेड लागतो. धान्य निवडताना, पाणी गाळताना, भाजी चिरताना दिसले पाहिजे, हा आपल्या आचाराचाच भाग आहे. जुनी स्वयंपाकघरे धुराने काळी आणि अंधारी असतात. तेथे कौलांच्या छतात दोन-तीन काचेची कौले बसविली, चौकाकडच्या भिंतीत उंचावर झरोका काढला, तर दिवा न लावता काम होते. त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही.

विजेच्या तारा लाकडात खोबण पाडून लपवू नयेत. तुळईच्या कडेने नळीतून न्याव्यात आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण मुख्य फळीवर अवश्य बसवावे. सागवान शंभर वर्षे टिकते, पण एका ठिणगीपुढे टिकत नाही.

नवा भाग दिसावा कसा? त्याने जुन्याची नक्कल करू नये आणि त्याला झाकूही नये. उंची जुन्यापेक्षा कमी किंवा बरोबरीची, खिडक्यांची प्रमाणे जुन्यासारखी उभट, दगड-विटांचा रंग जुळणारा आणि रस्त्याकडची बाजू शक्यतो तशीच. काँक्रीटच्या खांबावर खोटी लाकडी नक्षी चिकटविण्यापेक्षा साधा, नीटनेटका नवा खांब अधिक शोभतो. नातवाने आजोबांचा फेटा बांधून मिरवावे असे नाही, त्यांच्या शेजारी अदबीने बसावे, एवढेच.

थोरामोठ्यांची उदाहरणे

पुण्याचा विश्रामबागवाडा आपण पाहिला असेल. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांसाठी बांधलेला हा वाडा १८०७ मध्ये पूर्ण झाला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला. तो लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभारला गेला. पुढे बरीच वर्षे तेथे पुणे नगरपालिकेचे कामकाज चालले आणि अलीकडच्या काळात महापालिकेने त्याचे जतनकार्य हाती घेतले. राजवाडा, पाठशाळा, कचेरी अशी रूपे बदलूनही सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांची दर्शनी बाजू आजही वाड्याची ओळख सांगते. वापर बदलला म्हणून वाडा संपला नाही. उलट, वापर चालू राहिला म्हणूनच तो टिकला.

आपल्या परंपरेत तर जीर्णोद्धाराला नवनिर्मितीहून मोठे स्थान आहे. नव्या मंदिराच्या आठपट पुण्य जीर्णोद्धारात मानले गेले आहे. गेल्या शतकात आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख कस्तुरभाई लालभाई यांनी राणकपूर, देलवाडा आणि शत्रुंजय येथे जी कामे करविली, ती बांधकाम व्यावसायिकांनी अभ्यासावी अशी आहेत. देलवाड्याला मूळ संगमरवराशी जुळणारा दगड शोधला गेला आणि परंपरागत सोमपुरा शिल्पींकडून काम करून घेतले गेले. शत्रुंजयावर मूळ शिल्पकाम झाकून टाकणारी नंतरची बांधकामे हलविली गेली. म्हणजे जपणे याचा अर्थ जे आहे ते सर्व ठेवणे असा नाही. चौकात मधल्या काळात उभा केलेला पत्र्याचा निवारा, दर्शनी कमान झाकणारी फळी काढून टाकणे हाही जीर्णोद्धारच आहे.

भिंती घरातल्या आणि मनातल्या

आतापर्यंत दगड-लाकडाविषयी बोललो. परंतु माझा अनुभव असा की जुनी घरे वाळवीने कमी आणि वाटणीने अधिक पडतात. दोन भावांत चौकाच्या मधोमध भिंत उभी राहते. दोघांनाही अर्धा उजेड उरतो. पन्हळ एकाच्या हद्दीत, गळती दुसऱ्याच्या. दुरुस्तीला एक तयार असतो, दुसरा नसतो, आणि पावसाळा मात्र कोणासाठी थांबत नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. गाव आणि नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तीन भाऊ, तिघेही बाहेरगावी, आई एकटी घरात. घर पाडून तीन मजले बांधावेत, एकेक वाटून घ्यावा असे ठरत आले होते. आईने एकच प्रश्न विचारला, ‘बांधून होईपर्यंत मी कुठे राहू, आणि बांधून झाल्यावर माझ्या ओळखीचे काय उरेल?’ मुले समंजस होती. त्यांनी आधी घराची मोजणी करवून घेतली. धाब्याची जास्तीची माती उतरविली, दोन कुजलेल्या तुळया बदलल्या, परसात स्वतंत्र पायावर एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर बांधले, आधाराला कठडे बसविले. चौक तिघांचा सामाईक ठेवण्याचे लिहून घेतले. त्या माउलीची शेवटची वर्षे आपल्या ओळखीच्या घरात, आपल्या ओट्यावर गेली. तिन्ही सुना-नातवंडे सणाला तेथेच उतरत. वाटणी झाली, पण घर फुटले नाही.

म्हणून कुदळ मारण्यापूर्वी कागद पाहा. मालमत्ता पत्रकावर नावे कोणाची आहेत, सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आहे का, पुढच्या गाळ्यात भाडेकरू असल्यास त्याची व्यवस्था काय, हे आधी ठरवा. नगरपरिषदेची परवानगी घ्या. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक शहरांना एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झालेली आहे. आपल्या आराखड्याला तिच्यातील कोणत्या तरतुदी लागू पडतात ते परवानाधारक अभियंत्याकडून समजून घ्या.

निरोप देण्याची वेळ

मी प्रत्येक जुने घर वाचवा असे म्हणत नाही. भिंत पोटात फुगून बाहेर आली असेल, पाया खचला असेल, बहुतेक लाकूड पोकळ झाले असेल आणि अभियंता धोक्याचे घर म्हणून लेखी सांगत असेल, तर भावनेपोटी माणसांचे जीव धोक्यात घालणे हे जतन नव्हे. अशा वेळी घराला सन्मानाने निरोप द्यावा. जेसीबीने एका दिवसात ढिगारा करण्याऐवजी वरून खाली, उलट क्रमाने उतरवावे. चांगले सागवान, जोत्याचे दगड, दरवाजे, तळखडे बाजूला काढून नव्या घरात वापरावेत. आणि नव्या घरातही एक चौक, एक ओटा ठेवावा. जुन्या घराचा स्वभाव असाही पुढे नेता येतो.

या वर्षी एवढे करा

शेवटी घरी जाऊन करता येतील अशी पाच कामे सांगतो. पहिले, घराचा मापासह नकाशा आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवा. दुसरे, प्रत्येक भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहा. एका पावसाळ्यात काच तडकली तर भेग चालती आहे असे समजा आणि तज्ज्ञाला बोलवा. तिसरे, पहिल्या मोठ्या पावसात घरभर फिरून पाणी कोठून येते व कोठे जाते ते लिहून काढा. चौथे, छतावरच्या टाक्यांचे लिटर मोजा आणि त्यांचे टन करा. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारा की हे घर कोणी, कसे बांधले, दगड कोठून आणला, कोणती खोली नंतर वाढविली. ही माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही.

माझे एक विनम्र सुचवणे संस्थेलाही आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी, जुन्या सांध्यांचे सुतार आणि या विषयातील अभियंते यांची एक यादी ट्रस्टने आपल्या कार्यालयात ठेवावी. गरजू कुटुंबाला दुरुस्तीच्या वेळी ती उपयोगी पडेल आणि कारागिरांनाही काम मिळेल.

प्रारंभी मी म्हटले होते की नव्याचा भार जुन्यावर टाकू नये. टाकीबाबत जे खरे तेच माणसांबाबतही खरे आहे. आपल्या सोयी, आपल्या हौशी, आपल्या वाटण्या यांचे ओझे थकलेल्या भिंतींवर आणि थकलेल्या आई-वडिलांवर न टाकता, त्यांच्या शेजारी स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि त्यांना आधार द्यावा. मग घर जुने असो वा नवे, ते नांदते राहील.